चोवीस बिट आणि नाचणारा आकडा: एडीसी निवडताना नॉइज कसा वाचायचा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलवाल्या मालकांना काटा करून हवा होता. टॉवेलमधून कापलेला गोल तुकडा वर ठेवला की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते थेट दिसलं पाहिजे. कटर १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापतो, म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर तुकडा भरतो साडेचार ग्रॅम. एका जीएसएमचा फरक दाखवायचा तर काट्याला १० मिलिग्रॅम कळायला हवेत. वर मालकांची अट, "त्याच काट्यावर नॅपकिनबी तोलायचा की. दोन-दोन काटे कशाला?" म्हणून लोडसेल, म्हणजे वजनाच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा सेन्सर, घेतला ५०० ग्रॅमचा.

एडीसी, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारी चिप, म्हणून एचएक्स७११ लावली. चोवीस बिटची चिप, म्हणजे १ कोटी ६७ लाख पायऱ्या. मला हवे होते ५०० ग्रॅमचे ५० हजार भाग. एवढं तर ती झोपेतही करेल, असा माझा हिशेब. काटा चालू केला आणि शेवटचा आकडा गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा खाली-वर. ४५०, ४५१, ४४९, पुन्हा ४५०. दोन दिवस मी अर्थिंग तपासलं, शिल्डची वायर टाकली, कपॅसिटर वाढवले. मालक येऊन बघून जायचे. "चोवीस बिट म्हणून घेतलं की तुम्ही, मग नाचतंय का?"

तिसऱ्या दिवशी डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेलं चिपचं माहितीपत्रक, नीट वाचली. चिप बिचारी लिहिल्याबरहुकूम वागत होती. वाचायचं मीच ठेवलं होतं. तेव्हापासून एडीसी निवडताना मी ज्या क्रमाने जातो, तो इथे मांडतो. उदाहरण याच काट्याचं घेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

आधी आपला आकडा, मग चिप

बहुतेक जण चिपांची यादी उघडून बिट बघायला लागतात. तसं करू नका. आधी सेन्सरकडे या.

आपल्या लोडसेलवर लिहिलंय २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. त्याला ५ व्होल्ट दिले की पूर्ण ५०० ग्रॅमला तो १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे १ ग्रॅमला २० मायक्रोव्होल्ट आणि १० मिलिग्रॅमला ०.२ मायक्रोव्होल्ट, अर्थात २०० नॅनोव्होल्ट.

हा २०० नॅनोव्होल्टचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा. यापुढे डेटाशीटमध्ये नॉइज, म्हणजे वजन स्थिर असतानाही वाचनात येणारी थरथर, कुठल्याही रूपात दिसो, बिटमध्ये, डेसिबलमध्ये किंवा काउंटमध्ये (चिपच्या पायऱ्यांत), त्याला एकच प्रश्न विचारायचा: इनपुटला, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, किती नॅनोव्होल्ट? ते उत्तर २०० च्या आत असेल तर शेवटचा आकडा बराचसा स्थिर राहील. १०० च्या आत असेल तर मी निर्धास्त.

लोडसेलचा आकडाही गृहीत धरू नका. छोट्या क्षमतेचे बरेच सेल १ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचे किंवा त्याहून कमी असतात. तसा सेल निघाला तर सिग्नल निम्मा होतो, नॉइज तितकाच राहतो, आणि ग्रॅममध्ये बघितलं तर काटा दुप्पट नाचतो. विकत घेताना दुकानदार फक्त किलो सांगतो. मिलिव्होल्ट आपण विचारायचे.

एकाच चिपचे चार आकडे

एचएक्स७११ च्या डेटाशीटमध्ये दोन गोष्टी आहेत. गेन, म्हणजे चिप आतल्या आत सिग्नल किती पट मोठा करते तो आकडा, १२८ असताना इनपुटची रेंज साधारण ±२० मिलिव्होल्ट. आणि सेकंदाला १० वाचनं घेताना इनपुटचा नॉइज ५० नॅनोव्होल्ट आरएमएस. एवढ्यावरून तिचे बिट किती ते चार पद्धतींनी मोजता येतं, आणि चारही पद्धती बाजारात चालतात.

पहिली पद्धत: चोवीस. हे फक्त बाहेर येणाऱ्या डिजिटल शब्दाचं माप आहे. ४० मिलिव्होल्टचे चोवीस बिटांत तुकडे केले तर एक तुकडा सुमारे २.४ नॅनोव्होल्टचा. आपल्या काट्यावर ०.१२ मिलिग्रॅम. शेवटचे कितीतरी बिट केवळ नॉइज मोजत बसलेले असतात.

दुसरी: ४० मिलिव्होल्टला ५० नॅनोव्होल्टने भागा. आठ लाख पायऱ्या येतात, म्हणजे १९.६ बिट. याला इफेक्टिव्ह रिझोल्यूशन म्हणतात. जाहिरातीत हा आकडा आवडीने छापतात, कारण तो खोटा नाही आणि दिसायला गुटगुटीत आहे.

तिसरी पद्धत आपल्या कामाची. आरएमएस म्हणजे वाचन मधल्या किमतीभोवती साधारण किती हलतं. पण मालक आरएमएस बघत नाहीत, ते डिस्प्ले बघतात. डिस्प्लेवर दिसतो तो वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा पल्ला, पीक-टू-पीक. नॉइज नेहमीच्या घंटेच्या आकाराचा असेल तर आरएमएसला ६.६ ने गुणायचं. हजारात एखादंच वाचन त्या पट्ट्याबाहेर जातं. काही जण ६ ने गुणतात, त्यावर भांडत बसू नये. ५० गुणिले ६.६ म्हणजे ३३० नॅनोव्होल्ट. आता ४० मिलिव्होल्टला ३३० नॅनोव्होल्टने भागा: १६.९ बिट. याला नॉइज-फ्री बिट म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत नेहमी २.७ बिटांचा फरक पडतो, कारण ६.६ म्हणजे दोनाचा २.७२ वा घात. कुठे इफेक्टिव्ह लिहिलंय आणि कुठे नॉइज-फ्री, हे न बघता दोन चिपांची तुलना केली की फसलात.

चौथी पद्धत कुणी छापत नाही, कारण ती चिपची नाही, आपली आहे. आपला लोडसेल ४० मिलिव्होल्ट वापरतच नाही, फक्त १० वापरतो. १० मिलिव्होल्टला ३३० नॅनोव्होल्टने भागलं की येतात ३० हजार पायऱ्या. म्हणजे १४.९ बिट.

चोवीस म्हणून घेतलेली चिप कामाला पंधरा बिटांची. मला हवे होते ५० हजार भाग, मिळत होते ३० हजार. ३३० नॅनोव्होल्ट म्हणजे साडेसोळा मिलिग्रॅम. आकडा एक-एक जीएसएमने खाली-वर होणार हे कागदावरच ठरलेलं होतं. मी उगाच अर्थिंगला दोष देत होतो.

उलटी फसगतही असते. एका विद्यार्थ्याने असाच लोडसेल थेट एडीएस१११५ ला जोडून आणला होता. "सर, आकडा अजिबात हलत नाही." हलणार कसा? ती सोळा बिटची चिप. सगळ्यात बारीक रेंजला, म्हणजे ±२५६ मिलिव्होल्टला, तिची एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. आपल्या सेलवर ती ०.३९ ग्रॅम, जीएसएममध्ये ३९! आकडा दगडासारखा स्थिर होता आणि तितकाच आंधळा. आकडा हलत नाही म्हणजे नॉइज नाही असं समजू नका. कधी कधी पायरीच एवढी मोठी असते की नॉइज तिच्याखाली झाकला जातो.

त्या ५० च्या खाली बारीक अक्षरात काय आहे

नॉइजचा आकडा कधी एकटा नसतो. त्याच्याबरोबर अटी येतात, आणि खरं निवडणं तिथेच होतं.

वेग. तीच एचएक्स७११ सेकंदाला ८० वाचनांवर टाकली की नॉइज ५० वरून ९० नॅनोव्होल्ट होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१२३२ लोडसेलसाठीच केलेली आहे. गेन १२८ ला ती १० वाचनांवर १७ आणि ८० वाचनांवर ४४ नॅनोव्होल्ट आरएमएस देते. नॉइज पांढरा, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा असेल, तर वेग चौपट केला की तो दुप्पट होतो, हे गणित डोक्यात ठेवा. डेल्टा-सिग्मा जातीच्या चिपांत (या दोन्ही त्याच जातीच्या) पहिल्या पानावर नॉइज असतो सगळ्यात हळू वेगाचा आणि वेग असतो सगळ्यात जास्त. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. म्हणून पहिलं पान सोडा, आत जाऊन वेग आणि गेनचा तक्ता शोधा, आणि आपल्या वेगाच्या ओळीवर बोट ठेवा.

वेगाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे महावितरणची ५० हर्ट्झ. सेकंदाला १० वाचनं म्हणजे एका वाचनाला १०० मिलिसेकंद. त्यात ५० हर्ट्झच्या बरोबर पाच लहरी बसतात, वरच्या आणि खालच्या बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. ८० वाचनांवर एका वाचनाला मिळतात साडेबारा मिलिसेकंद, आणि ५० हर्ट्झची एक लहर २० मिलिसेकंदांची. ती पुरी बसतच नाही, मग वायरिंगमधून आलेली गुणगुण थेट वाचनात उतरते. ज्या शेडमध्ये शंभर मोटारी चालतात तिथे हा नॉइज चिपच्या नॉइजपेक्षा मोठा असू शकतो. ८० चाच वेग हवा असेल तर लागोपाठच्या आठ वाचनांची सरासरी घ्या, म्हणजे पुन्हा १०० मिलिसेकंद भरतात.

गेन. गेन वाढवला की इनपुटला धरलेला नॉइज कमी होत जातो, एका हद्दीपर्यंत. त्यापुढे गेन वाढवून रेंज तेवढी आकसते, हाती काही लागत नाही. तक्त्यात ही हद्द स्पष्ट दिसते.

इनपुट शॉर्ट. तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा दोन्ही इनपुट एकमेकांना जोडून घेतलेले असतात. शून्य सिग्नलला रेफरन्सचा, म्हणजे ज्याच्याशी ताडून चिप मोजते त्या व्होल्टेजचा, नॉइज दिसतच नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. सिग्नल वाढत जातो तसा तो डोकं वर काढतो. लोडसेलमध्ये आपण यातून सहसा बचावतो, कारण सेलला दिलेला व्होल्टेज आणि एडीसीचा रेफरन्स एकच असतो. तो हलला तर दोन्ही बाजू सारख्याच हलतात आणि भागाकारात निघून जातात. पण सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) बॉयलरचं प्रेशर ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंट सिग्नलवर घेत असाल तर ही सूट नाही. समजा रेफरन्समध्ये १० मायक्रोव्होल्टचा पीक-टू-पीक नॉइज आहे. सिग्नल पूर्ण असताना तो सगळाच्या सगळा वाचनात येणार, निम्मा असताना निम्मा. अशा वेळी दोन हजारांची एडीसी आणि वीस रुपयांचा रेफरन्स ही जोडी करू नये.

आणि शेवटची अट, 'टिपिकल'. नॉइजचे आकडे बहुधा नमुन्यादाखल असतात, हमीचे नसतात. म्हणून मी काठावर पास होणारी चिप घेत नाही.

बाकी साखळी

एडीसीच्या आधी जे काही आहे, त्या सगळ्याचा नॉइज बेरजेला येतो. ही बेरीज साधी नाही. प्रत्येकाचा वर्ग करायचा, वर्ग मिळवायचे, मग वर्गमूळ काढायचं. यातून एक सोय मिळते: एखादा नॉइज मोठ्या नॉइजच्या तिसऱ्या हिस्स्याइतका असेल तर एकूण जेमतेम पाच टक्क्यांनी वाढतो. तो विसरायला हरकत नाही.

आपला लोडसेल ३५० ओहमचा. एवढ्या रोधाचा स्वतःचा उष्णतेचा नॉइज साधारण २.४ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ. म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा जितका रुंद, त्याच्या वर्गमूळाने तो वाढतो; ५ हर्ट्झच्या पट्ट्यात पाच-साडेपाच नॅनोव्होल्ट होतो. चिपच्या ५० पुढे तो नगण्य.

मध्ये अँप्लिफायर असेल तर मात्र थांबा. १० नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झचा, १ मेगाहर्ट्झ बँडविड्थचा अँप्लिफायर घ्या. फिल्टर नसेल तर त्याचा सगळा मिळून नॉइज साडेबारा मायक्रोव्होल्ट होतो, आणि सॅम्पलिंगच्या, म्हणजे वाचन टिपण्याच्या, वेळी तो सगळा आपल्या कामाच्या पट्ट्यात दुमडून येतो. पुढे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून १ किलोहर्ट्झवर कापलं की उरतो ०.४ मायक्रोव्होल्ट. दोन रुपयांत तीस पट फायदा. महागड्या चिपा लावून हा फिल्टर विसरलेली बोर्डं मी पाहिली आहेत, आणि त्यातलं एक माझंच होतं.

इथे सोलापूरकरांचा हमखास प्रश्न: मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा नॉइज वाढतो का? फारसा नाही. उष्णतेचा नॉइज केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमूळाने वाढतो. २५ वरून ४५ अंशांवर गेलात तर वाढ साडेतीन टक्केसुद्धा नाही. उन्हाळ्यात सरकतं ते शून्य. त्याला ड्रिफ्ट म्हणतात, त्याचा रकाना डेटाशीटमध्ये वेगळा असतो. नाचणारा आकडा आणि सरकणारा आकडा ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याला सरासरीने गुण येतो, दुसऱ्याला येत नाही.

डेसिबलवाल्या डेटाशीट

मागाचं किंवा मोटारीच्या बेअरिंगचं कंपन मोजायचं असेल, करंटची लहर बघायची असेल, तर सिग्नल हलता असतो आणि डेटाशीटची भाषा बदलते. तिथे एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे), सायनॅड आणि एनॉब भेटतात. आदर्श एडीसीचा एसएनआर म्हणजे बिट गुणिले ६.०२ अधिक १.७६ डेसिबल. सोळा बिटला ९८, बारा बिटला ७४. प्रत्यक्षात तो कमीच असतो.

समजा ० ते ५ व्होल्टच्या सोळा बिट चिपचा एसएनआर ९२ डेसिबल आहे. टोकापासून टोकापर्यंत ५ व्होल्टच्या साइन लहरीचं आरएमएस १.७७ व्होल्ट. त्याच्या ९२ डेसिबल खाली म्हणजे साधारण ४४ मायक्रोव्होल्ट. झालं, परत व्होल्टमध्ये आलो, आता ६.६ ने गुणून आपल्या चिकटवलेल्या आकड्याशी ताडून बघा.

सायनॅडमध्ये नॉइजबरोबर विकृतीही धरलेली असते, आणि एनॉब त्यातूनच निघतो: सायनॅडमधून १.७६ वजा करा, ६.०२ ने भागा. ८६ डेसिबल म्हणजे १४ बिट. हा एनॉब आणि वरचं इफेक्टिव्ह रिझोल्यूशन एक नव्हे. एक पूर्ण रेंजच्या साइन लहरीवर मोजलेला असतो, दुसरा शॉर्ट केलेल्या इनपुटवर. शिवाय एनॉब कुठल्या फ्रिक्वेन्सीला दिलाय ते बघा. १ किलोहर्ट्झचा एनॉब १०० किलोहर्ट्झला टिकेलच असं नाही. मेगाहर्ट्झमध्ये गेलात तर क्लॉकचा जिटर, म्हणजे ठोक्यांच्या वेळेतली थरथर, हिशेबात घ्यावा लागतो: १० मेगाहर्ट्झच्या लहरीवर १० पिकोसेकंदांचा जिटर असेल तर एसएनआर ६४ डेसिबलच्या वर जाणारच नाही, मग चिप सोळा बिटची असो की अठराची. आपल्याकडच्या रोजच्या कामांत ही वेळ क्वचित येते.

सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत मातीचा ओलावा मोजायला मात्र यातलं काहीच लागत नाही. तिथे मायक्रोकंट्रोलरमधला दहा-बारा बिटचा एडीसी पुरतो, सेन्सरचाच तेवढा भरवसा नसतो.

टेबलावर तपासणं

चिप बोर्डावर आली की डेटाशीटवर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका, अर्धा तास काढा. दोन्ही इनपुट एकमेकांना जोडा. पण ते ग्राउंडला नेऊ नका. अशा चिपांना इनपुट सप्लायच्या मधोमध लागतं. सोपी युक्ती म्हणजे लोडसेलच्या दोन सिग्नल वायरींपैकी एकच घेऊन दोन्ही इनपुटना द्या. बोर्डावर सेलला जाणारा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. तयार मॉड्यूलवर तो ५ नसतो बऱ्याचदा, आणि मग एका काउंटचे नॅनोव्होल्टही बदलतात.

हजार वाचनं घ्या, एक्सेलमध्ये टाका, स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. तोच आरएमएस नॉइज. काउंटला एका पायरीच्या नॅनोव्होल्टने गुणून डेटाशीटशी ताडा. नंतर आलेख काढा, कारण आकड्यापेक्षा आकार जास्त बोलतो. एकच गुळगुळीत टेकाड असेल तर उरलाय तो चिपचाच नॉइज. दोन टेकाडं दिसली तर कुठूनतरी लयबद्ध त्रास येतोय, बहुधा ५० हर्ट्झ किंवा शेजारचा व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह). वेळेबरोबर रेघ उतरत किंवा चढत असेल तर ड्रिफ्ट. मग सेल जोडून हेच पुन्हा करा. शॉर्ट असताना ठीक आणि सेल जोडल्यावर वाईट असेल तर दोष चिपच्या बाहेर आहे, चिप बदलून पैसे घालवू नका.

मग त्या काट्याचं काय झालं

एडीएस१२३२ चा हिशेब सरळ होता. १७ गुणिले ६.६ म्हणजे ११२ नॅनोव्होल्ट, दोनशेच्या बऱ्याच आत. पण चिप कितीतरी पट महाग, आणि बोर्ड नव्याने करावं लागणार होतं.

दुसरा रस्ता सरासरीचा. चार वाचनांच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो, सोळांच्या सरासरीने पाव. ३३० चे चारात १६५, सोळात ८२. कागदावर एवढं येतं. प्रत्यक्षात थोडं जास्तच राहतं, कारण हळूहळू डोलणारा नॉइज सरासरीला दाद देत नाही. सोळा वाचनांना १.६ सेकंद, वर चिपला नवीन वजनावर स्थिरावायला लागणारे ०.४ सेकंद. एकूण दोन सेकंद.

नॅपकिन तोलताना १ ग्रॅम पुरतो, तिथे सरासरीची गरजच नाही. म्हणून काट्याला एक बटण दिलं. नॅपकिनला झटपट, जीएसएमला दोन सेकंद. मालक म्हणाले, "दोन सेकंदानं काय जातंय? आम्ही दोन दिवस थांबलोच की." (तिथेच तोलून माल विकायचा असता तर वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि मुद्रांकन लागलं असतं. हा काटा कारखान्याच्या आतल्या तपासणीपुरता आहे.)

माझ्या टेबलावर आकडा शांत बसला. कारखान्यात नेला आणि पुन्हा नाचायला लागला. या वेळी मी डेटाशीट उघडली नाही. बाजूच्या हॉलमध्ये मागांची खटखट चालू होती आणि लाकडी टेबल तिच्या तालावर हलत होतं. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तसा आकडाही थांबला. कोपऱ्यात विटांचे दोन खांब बांधून त्यावर जाड शहाबादी फरशी टाकली, काटा तिच्यावर ठेवला. तो अजून तिथेच आहे.